फ्लॅटची पुढची तीस वर्षं: जमीन, काँक्रीट आणि कागद

फ्लॅटचा भाव वाढला असं आपण म्हणतो, पण वाढतो तो जमिनीचा भाव. भिंती, स्लॅब, पाइप, वायरिंग, लिफ्ट यांची किंमत ताबा मिळाल्या दिवसापासून उतरायला लागते. कोथरूडच्या किंवा मुलुंडच्या पस्तीस वर्षं जुन्या इमारतीतल्या घराला आज जो भाव येतो, तो त्या प्लॉटवर पुन्हा काय उभं राहू शकेल याचा असतो. म्हणून दीर्घकाळ फ्लॅट बाळगणाऱ्याने चार गोष्टींवर नजर ठेवायची: जमीन कोणाच्या नावावर आहे, इमारतीच्या सळया कोणत्या अवस्थेत आहेत, फाइल पूर्ण आहे का आणि आपल्यानंतर सही कोण करणार. यातली एक जरी सुटली तरी कागदावर कोटीची दिसणारी मालमत्ता विकताना निम्म्या भावाचीही राहत नाही.

हा लेख महाराष्ट्रातल्या फ्लॅटधारकांसाठी आहे. क्रम घर घेण्यापासून विकण्यापर्यंतचा ठेवला आहे.

घेण्याआधी: तिसाव्या वर्षाचे प्रश्न

शाळा किती लांब, पाणी किती तास, हे सगळे विचारतात. पुढच्या गोष्टी फारच थोडे लोक विचारतात.

पहिली गोष्ट जमिनीचा प्रकार. सातबारा किंवा मिळकत पत्रिका (शहरी जमिनीचा मालकी उतारा) स्वतः काढून वाचा. जमीन भोगवटादार वर्ग १ ची, म्हणजे पूर्ण मालकीची असेल तर व्यवहार मोकळा असतो. वर्ग २ ची, म्हणजे सरकारी अटींवर दिलेली असेल, किंवा सरकारी, सिडकोची अथवा म्हाडाची भाडेपट्ट्याची असेल, तर पुढच्या विक्रीला आणि पुनर्विकासाला त्या-त्या कार्यालयाची परवानगी आणि शुल्क लागू शकतं. असा फ्लॅट घेऊ नये असं नाही, पण भाव ठरवताना हा खर्च वजा करायला हवा. वकिलाकडून किमान तीस वर्षांचा शोध अहवाल घ्या. बिल्डरने दिलेल्या अहवालावर भागवू नका.

दुसरी गोष्ट तुमच्या वाट्याची जमीन. प्लॉटचं क्षेत्रफळ भागिले फ्लॅटची संख्या, एवढंच गणित. २,००० चौरस मीटरच्या प्लॉटवर ४० फ्लॅट असतील तर ढोबळमानाने प्रत्येकी ५० चौरस मीटर. ४,००० चौरस मीटरवर २०० फ्लॅटचे टॉवर असतील तर प्रत्येकी २०. चाळीस वर्षांनी टॉवर जुना होईल तेव्हा तिथला एफएसआय (प्लॉटवर किती बांधकाम करता येईल त्याचं प्रमाण) आधीच पूर्ण वापरलेला असेल, मग नव्या बिल्डरला वर काय मिळणार? चार मजली जुन्या इमारतींचा पुनर्विकास झाला म्हणून आपल्या चोवीस मजल्यांचाही होईल, हे गृहीत धरून पैसे लावणं धोक्याचं आहे. टॉवर घ्यायचा तर राहण्यासाठी घ्या, आणि उत्तम देखभाल हीच त्याची गुंतवणूक समजा.

तिसरी गोष्ट समोरचा रस्ता. टेप लावून मोजा आणि विकास आराखड्यातली रुंदीही बघा. २०२० पासून मुंबई वगळता बहुतेक राज्याला एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. तिच्यात प्रीमियम एफएसआय (शुल्क भरून मिळणारा जादा एफएसआय) आणि टीडीआर (दुसऱ्या जागेवरून विकत आणलेला बांधकाम हक्क) किती मिळणार हे रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर त्याचा फायदा फारसा होत नाही. गल्लीतला शांत फ्लॅट राहायला छान असतो, पण तीस वर्षांनी हीच गल्ली आडवी येते.

चौथी गोष्ट भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजेच ओसी: इमारत राहण्यायोग्य असल्याचा पालिकेचा दाखला. ते नसेल तर भाव कितीही उतरवून मिळत असला तरी फ्लॅट सोडा. बँक कर्ज देताना, पालिका पाण्याचं बिल लावताना, पुढचा खरेदीदार कागद बघताना, प्रत्येक वेळी हाच प्रश्न समोर येतो.

आता भावाबद्दल. पुण्यात ८० लाखांचा फ्लॅट घेतला असं धरू. मुद्रांक शुल्क ७ टक्के म्हणजे ५ लाख ६० हजार (खरेदीदार स्त्री असेल तर एक टक्का कमी), नोंदणी ३० हजार, किचन ट्रॉल्या, पंखे, ग्रिल वगैरे चार लाख. एकूण सुमारे ९० लाख. भाडं महिना २२,००० मिळालं तर वर्षाचे २ लाख ६४ हजार. भाडेकरू बदलताना सरासरी एक महिना घर रिकामं राहतं, ते २२ हजार गेले. सोसायटीचा देखभाल खर्च ३६ हजार, मिळकतकर १५ हजार, ब्रोकर आणि रंग-दुरुस्तीचे सरासरी २५ हजार. हातात उरतात १ लाख ६६ हजार, म्हणजे गुंतवलेल्या रकमेवर दोन टक्क्यांपेक्षाही कमी. बाकीचा सगळा फायदा भाववाढीतून यायला हवा. ती मोजतानाही सावध राहा. "दुप्पट झाले" हे ऐकायला गोड वाटतं, पण दहा वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला ७.२ टक्के, पंधरा वर्षांत दुप्पट म्हणजे ४.७ टक्के आणि वीस वर्षांत ३.५ टक्के. स्वतः राहायच्या घराला हे गणित लावायची गरज नाही. दुसरा फ्लॅट घेताना मात्र ते कागदावर मांडल्याशिवाय टोकन देऊ नका.

पहिलं वर्ष: फाइल लावा

एक जाड बॉक्स फाइल आणि तिची स्कॅन प्रत, दोन्ही हवंच. त्यात नोंदणीकृत करारनामा, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा दस्ताचा गोषवारा), मुद्रांक शुल्क भरल्याची पावती, आधीच्या मालकांच्या करारांची पूर्ण साखळी, ओसी, ताबापत्र, भागपत्र (सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट), बिल्डरला दिलेल्या प्रत्येक हप्त्याची पावती आणि त्या पैशांचे बँक स्टेटमेंट. जुना फ्लॅट घेतलात तर पहिल्या मालकापासूनचे सगळे मूळ करार ताब्यात घ्या. मधला एक हरवला असेल तर विकणाऱ्याकडूनच पोलिसांत तक्रार, वर्तमानपत्रातली जाहीर सूचना आणि दुय्यम निबंधकाकडची प्रमाणित प्रत हे सोपस्कार करून घ्या. वीस वर्षांनी तो विकणारा सापडत नाही.

इंडेक्स टू घरी आणल्यावर एकदा सावकाश वाचा. नावाचं स्पेलिंग, सर्व्हे नंबर, फ्लॅट नंबर, मजला, क्षेत्रफळ, पार्किंगचा उल्लेख. एका आकड्याची चूक असेल तर दोन्ही पक्ष हयात आणि संपर्कात असेपर्यंत चूक दुरुस्ती पत्र करून नोंदवता येतं.

वीजमीटर आणि मिळकतकराचं बिल नावावर करून घ्या. पुण्यात स्वतः राहत असाल तर पीटी-३ अर्ज भरल्यावर मिळकतकरात ४० टक्के सवलत मिळते. घर भाड्याने दिलं की ती जाते. फर्निचर सोडून घरात जे कायमचं बांधकाम कराल त्याची पक्की बिलं ठेवा आणि पैसे बँकेतून द्या. विकताना सुधारणेचा खर्च म्हणून ते नफ्यातून वजा मागता येतात.

नवीन इमारत असेल तर ताबा मिळाल्यापासून पाच वर्षं लक्षात ठेवा. रेरा या बांधकाम प्रकल्पांचं नियमन करणाऱ्या कायद्यानुसार या काळात बांधकामातला दोष लेखी कळवला तर विकसकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. यासाठी दर पावसाळ्यानंतर प्रत्येक खोलीचे तारखेसह फोटो काढा. बाहेरच्या भिंतीतून येणारी ओल, बाथरूमखालच्या स्लॅबवरचे पांढरे डाग, बीम आणि भिंत मिळतात तिथली फट. सगळ्या फ्लॅटची एकत्र यादी करून सोसायटीमार्फत ईमेल आणि रजिस्टर पोस्टाने पाठवा. साडेचार वर्षं झाली की एखाद्या इंजिनिअरकडून पूर्ण इमारत तपासून शेवटची यादी द्या. व्हॉट्सअॅप ग्रुपवर बिल्डरच्या माणसाने "बघतो" म्हटलं, याला पुढे काहीच अर्थ राहत नाही.

जमीन सोसायटीच्या नावावर: कन्व्हेयन्स

या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच. मोफा म्हणजे १९६३ चा महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा. त्याच्या नियमांप्रमाणे करारात वेगळी मुदत नसेल तर सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत बिल्डरने जमीन आणि इमारत सोसायटीला खरेदीखताने द्यायची असते. प्रत्यक्षात हजारो सोसायट्यांच्या मिळकत पत्रिकेवर आजही बिल्डरचं किंवा मूळ जमीनमालकाचं नाव आहे. परिणाम पुनर्विकासाच्या वेळी कळतो. जादा एफएसआयवर हक्क कोणाचा, हा वाद कोर्टात जातो, तोवर मूळ मालक वारलेला असतो आणि त्याचे अकरा वारस समोर उभे असतात.

२००८ च्या दुरुस्तीपासून यावर मार्ग आहे: मानीव अभिहस्तांतरण, सगळे ज्याला डीम्ड कन्व्हेयन्स म्हणतात ते. पावलं अशी.

१. सर्वसाधारण सभेत ठराव करा, त्यात अर्ज आणि सह्या कोण करणार त्यांची नावं घाला.

२. बिल्डरला आणि जमीनमालकाला कन्व्हेयन्स करून देण्याची लेखी नोटीस पाठवा. पोच जपून ठेवा. नोटीस परत आली तर ते पाकीटही न फोडता ठेवा.

३. कागद जमवा: सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र, सभासदांची यादी, प्रत्येक सभासदाचा करार किंवा इंडेक्स टू, मंजूर नकाशा, ओसी, सातबारा किंवा मिळकत पत्रिका, बिल्डरचे विकसन करार आणि कुलमुखत्यारपत्र, आर्किटेक्टचा क्षेत्रफळाचा दाखला. सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो, कारण तीस सभासदांपैकी दोघांचे करार सापडत नाहीत आणि एकाने मुद्रांक शुल्कच कमी भरलेलं असतं. ते आधी निस्तरा.

४. जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था, यांच्याकडे नमुना ७ मध्ये २,००० रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पसह अर्ज करा. बिल्डरला नोटीस जाते, सुनावण्या होतात, कायद्याने सहा महिन्यांत निर्णय अपेक्षित असतो. बिल्डर आलाच नाही तरी काम पुढे जातं.

५. आदेश आणि प्रमाणपत्र मिळाल्यावर दस्ताचा मसुदा मुद्रांक कार्यालयात मूल्यांकनाला द्या, शुल्क भरा, मग दुय्यम निबंधकाकडे नोंदवा.

६. नगर भूमापन किंवा तलाठी कार्यालयात फेरफाराचा अर्ज करून सोसायटीचं नाव लावून घ्या.

सहावं पाऊल राहिलेल्या सोसायट्या ऐकून थक्क व्हावं इतक्या आहेत. आदेश कपाटात आणि पत्रिकेवर बिल्डरचंच नाव! आणखी एक तपासा: आदेशातलं क्षेत्रफळ. अनेक इमारती असलेल्या लेआउटमध्ये बिल्डर फक्त इमारतीखालची जमीन द्यायला बघतो. अंतर्गत रस्ते, मोकळी जागा आणि रस्तारुंदीत गेलेल्या भागाचा मोबदला यांतला तुमचा प्रमाणशीर वाटा अर्जात स्पष्ट मागा.

तुमची सोसायटी नसून १९७० च्या कायद्याखालचं अपार्टमेंट असेल, पुण्यात अशी पुष्कळ आहेत, तर घोषणापत्र नोंदलेलं आहे का आणि तुमच्या नावाने डीड ऑफ अपार्टमेंट झालंय का ते पाहा. तुमच्या अविभक्त हिश्श्याची टक्केवारी त्यातच असते.

काँक्रीट कसं मरतं

ताजं काँक्रीट अल्कलीयुक्त असतं आणि त्यामुळे आतली सळई गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत झिरपत हा गुण मारत नेतो. सोबत पाणी शिरलं, आणि मुंबई-कोकणात खारी हवा असली, की सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून तो काँक्रीटला आतून फोडतो. कॉलमवर सळईच्या रेषेत उभी भेग दिसली तर ती प्लास्टरची नाही, आतल्या गंजाची आहे.

घरच्या घरी एक तपासणी करता येते. लहान हातोडीने किंवा जाड नाण्याने बाल्कनीच्या स्लॅबच्या खालच्या बाजूला, बीमच्या कडांना आणि पार्किंगमधल्या कॉलमच्या पायथ्याशी हलकं ठोकत जा. चांगलं काँक्रीट "टण" वाजतं. पोकळ, भांड्यासारखा "डब" आवाज आला तर तिथलं आवरण सळईपासून सुटलेलं आहे. खडूने गोल करा, फोटो काढा, सहा महिन्यांनी पुन्हा ठोका. गोल मोठा झाला तर थांबू नका. तांबूस डाग, बाथरूमखालचे पांढरे क्षार, खिडकीच्या छज्जाखाली उघडी पडलेली सळई हीही तशीच लक्षणं. त्यांवर पुट्टी भरून रंग मारणं म्हणजे दुखणं झाकून वाढू देणं.

आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांसाठी आखून दिलेली नियमावली) इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर दर पाच वर्षांनी आणि ३० च्या पुढे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. ऑडिटर निवडताना फक्त दर बघू नका, कोणत्या चाचण्या करणार ते लेखी घ्या. रिबाउंड हॅमरने पृष्ठभागाचा कठीणपणा कळतो, अल्ट्रासॉनिकने आतल्या पोकळ्या, हाफ सेल चाचणीने गंजाची शक्यता, कार्बोनेशन चाचणीने आवरण किती खोल निकामी झालंय ते, आणि काँक्रीटचा गाभा कापून प्रत्यक्ष ताकद. नुसतं फिरून फोटो काढलेला अहवाल स्वस्त पडतो आणि उपयोगाला येत नाही. ऑडिट करणारा आणि दुरुस्तीचं कंत्राट घेणारा एकच नसावा.

दुरुस्तीचा क्रमही ठरलेला असतो: आधी पाण्याचा मार्ग बंद, मग काँक्रीट, शेवटी रंग. गच्चीचा कोबा तडकलेला ठेवून खाली लाखोंचं पॉलिमर मॉर्टर भरलं तर चार पावसाळ्यांत पैसे वाहून जातात. गच्चीची गळती सोसायटीच्या खर्चाने दुरुस्त होते. वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून किंवा सिंकमधून गळत असेल तर खर्च वरच्या सभासदाचा. हा नियम उपविधींत आहे, वाद घालण्यापेक्षा तो दाखवा. आणि कोणी भिंती पाडून, बाल्कनी आत घेऊन, गच्चीवर मातीची बाग करून वजन वाढवत असेल तर पहिल्याच आठवड्यात कमिटीने लेखी थांबवावं.

निधी पुरत का नाही

उपविधींत सिंकिंग फंड (मोठ्या कामांसाठी साठवायचा राखीव निधी) बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के आणि दुरुस्ती निधी किमान ०.७५ टक्के सांगितला आहे. तीस फ्लॅट, प्रत्येकाचा मूळ बांधकाम खर्च दहा लाख धरा. सिंकिंग फंड फ्लॅटमागे वर्षाला २,५००, सोसायटीचे ७५ हजार. वीस वर्षांत १५ लाख, सात टक्के व्याजाने तीसच्या आसपास. दोन लिफ्ट बदलणं आणि बाहेरून प्लास्टर-रंग, एवढ्यात तो संपतो. कारण टक्केवारी वीस वर्षांपूर्वीच्या बांधकाम खर्चावर बसलेली असते आणि दुरुस्ती आजच्या दराने होते.

ही टक्केवारी किमान आहे. सभेला ती वाढवता येते. दर पाच वर्षांनी आजच्या बांधकाम दरावर हिशेब नव्याने मांडा. महिन्याला चारशे-पाचशे जास्त द्यायला लोक कुरकुरतात, पण एकदम दोन-अडीच लाखांची मागणी आली की निवृत्त सभासदांचे हाल होतात आणि काम दोन वर्षं लांबतं. तोवर दुरुस्ती दीडपट झालेली असते. फ्लॅट विकत घेतानाही ताळेबंद मागा: निधी नावापुरताच आहे की खरोखर मुदत ठेवीत आहे, ते त्यात दिसतं.

भाड्याने देताना

करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार ही जबाबदारी मालकाची आहे. नोंदणीकृत लीव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीसाठी राहू देण्याचा करार) असेल तर मुदत संपल्यावर घर न सोडणाऱ्याविरुद्ध कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि दुप्पट दराने भरपाई मागता येते. नोटरीच्या कागदावर हे बळ मिळत नाही. खर्चही फार नसतो. महिना २२,००० भाडं, ३३ महिने, एक लाख अनामत: एकूण भाडं अधिक अनामतीवर वर्षाला १० टक्के धरलेलं व्याज, यावर ०.२५ टक्के, म्हणजे मुद्रांक सुमारे १,९०० रुपये, आणि शहरात नोंदणी १,०००. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्या. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी बिनभोगवटा शुल्क घेऊ शकते, पण सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नाही, आणि घरात जवळचे नातेवाईक राहत असतील तर तेही नाही.

करात मिळकतकर वजा केल्यावर उरलेल्या भाड्यातून सरसकट ३० टक्के सूट मिळते. नव्या कर प्रणालीत मात्र गृहकर्जाच्या व्याजामुळे आलेला तोटा पगारातून वजा होत नाही. "कर वाचतो म्हणून दुसरा फ्लॅट" हा जुना हिशेब त्यामुळे बहुतेकांना आता लागू नाही.

कर्ज फिटलं की बँकेने ३० दिवसांत मूळ कागद परत करायचे असतात. डिसेंबर २०२३ पासून उशिरासाठी दिवसाला ५,००० रुपये भरपाईचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. कागद घेताना बँकेकडे जमा केलेल्या यादीशी एकेक पान जुळवा, ना-देय दाखला घ्या आणि बोजा नोंदींतून उतरल्याची खात्री करा.

आपल्यानंतर

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. हा गैरसमज घराघरांत आहे आणि त्यातून भावंडं आयुष्यभर बोलत नाहीत. सहकार कायद्यात २०१९ साली आलेल्या तरतुदींप्रमाणे नॉमिनी हा तात्पुरता सभासद होतो. कायमचं सभासदत्व मृत्युपत्र, वारस दाखला, उत्तराधिकार प्रमाणपत्र किंवा कौटुंबिक व्यवस्थापत्र यांवर मिळतं. नॉमिनेशन भराच, पण तेवढ्यावर थांबू नका.

मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, नोंदणी सक्तीची नाही. दोन साक्षीदार हवेत, आणि ज्याला काही मिळणार आहे तो साक्षीदार नको. साक्षीदार आपल्यापेक्षा तरुण निवडा. मृत्युपत्र करणारा पंच्याहत्तरीत असेल तर डॉक्टरांचा त्याच दिवशीचा दाखला जोडा आणि नोंदणीही करून टाका. फ्लॅटचं वर्णन इंडेक्स टू प्रमाणे शब्दशः लिहा, पार्किंग आणि भागपत्राचा क्रमांक विसरू नका. मृत्युपत्र नसेल आणि एका भावाच्या नावावर घर करायचं असेल तर बाकीच्यांचं हक्कसोड पत्र नोंदणीकृतच लागतं. बहिणींचा हक्क भावांइतकाच आहे. "ताई काही मागणार नाही" हे गृहीत धरून केलेली नोंद विक्रीच्या वेळी अडते. तिला मनापासून विचारा, आणि ती सोडत असेल तर रीतसर सही घ्या.

हयातीतच मुलांना द्यायचं असेल तर पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंडं यांना राहत्या घराच्या बक्षीसपत्रावर मुद्रांक शुल्क नाममात्र २०० रुपये आहे, वर स्थानिक अधिभार लागतो. पण बक्षीसपत्र सहसा परत फिरत नाही. आई-वडिलांनी स्वतःच्या राहत्या घराचं ते करू नये, मृत्युपत्र करावं. हे आम्ही अगदी ठामपणे सांगू.

गोव्यात घर घेणाऱ्यांसाठी एक वाक्य: तिथल्या नागरी संहितेत पती-पत्नीची मालमत्ता साधारणपणे सामाईक असते, त्यामुळे विकणाऱ्याच्या जोडीदाराची सही नसलेला कागद घेऊ नका.

पुनर्विकास

आधी कन्व्हेयन्स, मग स्वतंत्र सल्लागाराचा व्यवहार्यता अहवाल, मग निविदा. बिल्डर निवडून नंतर अहवाल करणं म्हणजे उलटा क्रम. सहकार कायद्याच्या कलम ७९-अ खालच्या ४ जुलै २०१९ च्या निर्देशांत सभा, निविदा आणि उपनिबंधकांच्या प्रतिनिधीसमोर विकसक निवडीची पद्धत दिली आहे, ती पायरीपायरीने पाळा, चित्रीकरणही करा. नाराज सभासद याच फटींतून कोर्टात जातात.

करारात जादा चटई क्षेत्राचा टक्का सगळे वाचतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे काम थांबलं तर काय. बँक हमी (निर्देशांत प्रकल्प खर्चाच्या २० टक्के), मुदत, दंड, विकसक बदलण्याचा अधिकार, आणि विक्रीचे फ्लॅट गहाण ठेवताना सभासदांचे फ्लॅट वगळल्याचं कलम. प्रत्येकाचा पर्यायी जागेचा करार वैयक्तिक नोंदवलेला, नकाशे मंजूर, बँक हमी आणि पुढच्या भाड्याचे धनादेश हातात, हे सगळं झाल्यावरच चावी द्या. घर रिकामं केल्यानंतर सोसायटीच्या हातात दबावाचं साधन उरत नाही.

विकताना

फ्लॅट २४ महिन्यांपेक्षा जास्त ठेवला तर नफा दीर्घ मुदतीचा. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरासाठी निवासी भारतीयाला सरळ नफ्यावर १२.५ टक्के आणि महागाई निर्देशांकाने मूळ किंमत वाढवून उरलेल्या नफ्यावर २० टक्के, अशा दोन्ही पद्धतींनी कर मोजून कमी निघेल तो भरता येतो. २०१०-११ मध्ये सगळं धरून ३० लाखांना घेतलं, २०२५-२६ मध्ये ८५ लाखांना विकलं. सरळ नफा ५५ लाख, त्यावर १२.५ टक्के म्हणजे ६ लाख ८७ हजार. महागाई निर्देशांक तेव्हा १६७, आता ३७६. मूळ किंमत होते ६७ लाख ५४ हजार, नफा १७ लाख ४६ हजार, त्यावर २० टक्के म्हणजे ३ लाख ४९ हजार. फरक जवळपास निम्म्याचा. (उपकर वेगळा.) २००१ पूर्वीचं घर असेल तर १ एप्रिल २००१ चं मूल्यांकन नोंदणीकृत मूल्यांककाकडून घ्या. ते त्या वेळच्या मुद्रांक मूल्यापेक्षा जास्त धरता येत नाही.

नफ्यातून दोन वर्षांत दुसरं घर घेतलं, किंवा तीन वर्षांत बांधलं, तर सूट मिळते. सहा महिन्यांत ५० लाखांपर्यंत कॅपिटल गेन बाँड (नफा गुंतवायचे खास रोखे) हा दुसरा मार्ग, ते पाच वर्षं अडकतात. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत घर मिळालं नसेल तर पैसे बचत खात्यात न ठेवता कॅपिटल गेन खात्यात टाका. या एका चुकीने पूर्ण सूट गेलेली माणसं कमी नाहीत.

५० लाख किंवा जास्त किमतीच्या व्यवहारात खरेदीदाराने १ टक्का टीडीएस (विकणाऱ्याच्या वतीने सरकारला भरायचा कर) कापायचा असतो. सोसायटी हस्तांतरणासाठी प्रीमियम मागेल, महापालिका हद्दीत त्याची कमाल मर्यादा २५,००० रुपये आहे. "स्वेच्छा देणगी" म्हणून मागितलेली लाखाची रक्कम देणं बंधनकारक नाही. रोखीचा भाग २०,००० पर्यंतही पोहोचू देऊ नका, तेवढाच दंड बसू शकतो.

मालक परदेशात असेल तर नियम बदलतात. निर्देशांकाचा पर्याय मिळत नाही, आणि टीडीएस १२.५ टक्के अधिक अधिभार-उपकर असा, तोही पूर्ण रकमेवर कापला जातो. म्हणून करार करण्याआधीच आयकर खात्याकडून कमी कपातीचं प्रमाणपत्र घ्या, त्याला काही आठवडे लागतात. इथल्या भावाला कुलमुखत्यारपत्र द्यायचं असेल तर ते भारतीय वकिलातीत सही करून किंवा अपोस्टिल (तिथल्या सरकारचा आंतरराष्ट्रीय प्रमाणशिक्का) करून पाठवा. मजकुरात फ्लॅटचं पूर्ण वर्णन आणि "विक्री, नोंदणी, रक्कम स्वीकारणे" असे अधिकार वेगवेगळे लिहा, रक्कम मात्र मालकाच्याच एनआरओ खात्यात (अनिवासी भारतीयांचं इथल्या उत्पन्नासाठीचं बँक खातं) जाईल असं घाला. कागद महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावरचं मुद्रांक शुल्क भरून घ्यायचं असतं. पाकीट आलं की त्यावरची तारीख फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.